अमळनेरच्या उन्हाळ्यात सिंगल-ए : ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ आणि मायनर लीगचे आकडे

मे महिन्यात अमळनेरला दुपारी बारा ते पाच या वेळेत घराबाहेर पडायचे असेल, तर कारण तितकेच मोठे लागते. माझ्याकडे तसे कारण क्वचितच असते, त्यामुळे गेले काही उन्हाळे खिडकीला ओला पडदा लावून, जुन्या लॅपटॉपवर मी ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकीय खेळ खेळत आलो आहे. ‘खेळत’ हा शब्द येथे थोडा सैल वापरला आहे, कारण या खेळात चेंडू टोलवायचा नसतो आणि बोटांची चपळाईही लागत नाही. तक्ते वाचायचे, कोणाला संघात घ्यायचे व कोणाला वगळायचे ते ठरवायचे, आणि दिवस पुढे सरकवायचा, एवढेच काम असते. सुटीत आलेल्या भाच्याने पहिल्याच दिवशी पडद्याकडे पाहून “मामा, हाई काय शे?” असे विचारले, तेव्हा त्याला दिसत होती ती फक्त आकड्यांची रांग.

हा खेळ मार्कुस हाइनसोन या जर्मन प्रोग्रामरने तयार केला आणि त्याची पहिली आवृत्ती १९९९ साली आली. तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी नवी आवृत्ती निघते. २००७ च्या आवृत्तीला मेटाक्रिटिक या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर शंभरपैकी ९६ गुण मिळाले होते, आणि २०२० साली कोरियाच्या कॉमटूअस कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला. संपूर्ण खेळाचे परीक्षण करायचे म्हटले तर लिलाव, करार, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड), जुन्या काळातील हंगाम अशा किती तरी गोष्टींवर लिहावे लागेल. ते सारे बाजूला ठेवून मी येथे फक्त एका गोष्टीचा विचार करणार आहे : या खेळातील मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेखालच्या पायऱ्यांचे, आकडे खऱ्यासारखे वाटतात का, आणि वाटत नसतील तर ते तसे करता येतात का. हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने एकदा एकोणीस वर्षांच्या पोराला आकड्यांवर विसंबून वरच्या पायरीवर पाठवले आणि महिनाभरात तोंडघशी पडलेला पाहिला, त्याला तो तसा वाटणार नाही.

आपल्याकडे तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या असतात, तशा अमेरिकेतही आहेत, पण एक मोठा फरक आहे. तेथे खालच्या पायरीवरचा संघ वरच्या क्लबशी बांधलेला असतो आणि खेळाडूचा करारही वरच्याच क्लबशी असतो. २०२१ साली या सगळ्याची नव्याने मांडणी झाली; १६० संलग्न संघांचे १२० झाले, म्हणजे मेजर लीगच्या ३० क्लबांपैकी प्रत्येकाकडे वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए असे चार संघ उरले. त्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोना येथील कॉम्प्लेक्स लीग आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील उन्हाळी लीग आहे. हे सगळे संघ आणि त्यांतले हजारो खेळाडू या खेळात असतात, आणि त्यांतील प्रत्येकाच्या प्रत्येक हंगामाचा आकडा जपून ठेवला जातो. तुमच्या क्लबचा पुढील पाच वर्षांचा संसार या आकड्यांवर चालतो, म्हणून ते खरे असावे लागतात.

माझ्यापाशी याचा एक जुना मापदंड आहे. महाविद्यालयात असताना मी सॉफ्टबॉल खेळलो आणि पुढे काही वर्षे शालेय स्पर्धांमध्ये गुणलेखक म्हणून बसलो. तालुका पातळीवरच्या सामन्याचा गुणतक्ता ज्याने भरला आहे, त्याला खालच्या दर्जाच्या खेळाचा चेहरा पाठ असतो. होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा टोला, फारसा नसतो. वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस, मात्र एकामागून एक असतात, कारण पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) वेग आलेला असतो पण चेंडू कोठे जाईल यावर त्याचा ताबा नसतो. बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातून चेंडू सुटतो आणि धावणारा आयता पुढच्या बेसवर जातो. शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे गेलेला साधा जमिनीवरचा चेंडू, जो वरच्या पातळीवर हमखास बाद असतो, तो येथे कधी हातातून निसटतो तर कधी फर्स्ट बेसच्या डोक्यावरून जातो, आणि गुणलेखक चौकोनात ‘ई-६’ (शॉर्टस्टॉपची चूक) लिहीत राहतो. एका सामन्यात तर माझी पेन्सिल या एका खुणेनेच झिजली. अशा सामन्यात एक संघ दहा धावा करतो, पण त्यांतल्या पिचरच्या खाती मोजण्याजोग्या धावा तीनच निघतात.

खऱ्या मायनर लीगचा दर्जा आपल्या तालुक्याच्या मैदानापेक्षा कितीतरी वरचा आहे, हे सांगायला नकोच. तरीही चेहऱ्याची ठेवण तीच आहे. जसजसे खाली जावे तसतसे वॉक वाढतात, एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) वाढतात, वाइल्ड पिच आणि पास बॉल (पिचरने भलतीकडे टाकलेले आणि कॅचरने सोडलेले चेंडू) वाढतात, बेसचोरीला ऊत येतो आणि होमरन कमी होतात, कारण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनगटात पुढे येणारी ताकद अजून यायची असते. म्हणजे खालची लीग ही मेजर लीगची फिकट प्रत नसून तिची अंगकाठीच वेगळी आहे. खेळ खरा आहे की नाही हे मी याच कसोटीवर पाहतो. नुसती सरासरी जुळली म्हणून माझे समाधान होत नाही.

आता खेळ आकडे कसे बनवतो ते पाहू, कारण सारी मेख तेथेच आहे. प्रत्येक खेळाडूला संपर्क, ताकद, नजर, चेंडूवरचा ताबा अशी कौशल्ये दिलेली असतात. पण कच्चा बॅटर कच्च्या पिचरसमोर उभा राहिला, तर दोघांचा कच्चेपणा बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो आणि निकाल मधलाच कोठे तरी येतो. म्हणून लीगमध्ये एकंदर किती हिट, किती होमरन, किती वॉक आणि किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) व्हावेत, हे केवळ कौशल्यांवरून ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक लीगच्या मांडणीत ‘लीग टोटल्स’ नावाचा एक तक्ता असतो, आणि त्याच्या शेजारी एकच्या आसपासचे गुणक असतात. तक्ता म्हणजे गाठायचे ठिकाण, गुणक म्हणजे तेथे पोचण्यासाठी द्यायचा रेटा. सध्याच्या खेळाडूंची पातळी पाहून गुणक नव्याने काढण्याची सोयही खेळातच आहे. महत्त्वाची बाब अशी की हा तक्ता मेजर लीगला एकच आणि बाकीच्यांना तोच असा नसतो. ट्रिपल-एचा वेगळा, सिंगल-एचा वेगळा, आणि तो तुम्ही हाताने बदलू शकता. एरर आणि बेसचोरी यांचाही रेटा स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो, आणि याच ठिकाणी बहुतेक खेळाडू काही न करता पुढे निघून जातात.

काही न करणे एक वेळ परवडले असते, मी त्याहून वाईट केले. पहिल्या उन्हाळ्यात, एका काल्पनिक जगाची मांडणी करताना, सगळीकडे नीटनेटकेपणा असावा या हौसेने मी मेजर लीगचे आकडे उचलून चारही पायऱ्यांवर तसेच चिकटवले आणि सर्व मैदानांचे गुणक एक करून टाकले. तक्ते दिसायला फार देखणे झाले. सिंगल-एमध्ये पोरे मेजर लीगच्या दराने होमरन मारू लागली, वॉक आवरते राहिले, आणि माझा एक आउटफिल्डर दोन हंगामांत पायऱ्या चढत डबल-एपर्यंत पोचला. त्याच्या आकड्यांत खालून वर काहीच बदल होत नव्हता, याचा मला आनंद झाला होता. खरे तर त्याच गोष्टीने मला सावध करायला हवे होते. त्याहून वर गेल्यावर त्याला वॉक मिळेनात, स्ट्राइकआउट दुपटीने वाढले. दोष खेळाचा नव्हता. मी चारही इयत्तांना एकच प्रश्नपत्रिका दिली होती आणि गुण पाहून पोराला हुशार ठरवले होते.

दुसऱ्या खेपेस मी उलटा मार्ग धरला. खेळाने खऱ्या लीगसाठी मुळात दिलेले आकडे तसेच राहू दिले, जतन केलेल्या खेळाची एक प्रत काढली, आणि त्या प्रतीत कोणताही निर्णय न घेता सलग तीन हंगाम पळवले. मग प्रत्येक पायरीवरचा वॉकचा दर, स्ट्राइकआउटचा दर, होमरनचा दर आणि खेळात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले त्याचे प्रमाण, हे चार आकडे वहीत उतरवले आणि खऱ्या लीगच्या उपलब्ध आकड्यांशेजारी मांडले. या कामाला एक दुपार पुरते. माझे निरीक्षण असे की खेळाची मूळ मांडणी अनेकांना वाटते तितकी सैल नाही. ट्रिपल-ए आणि डबल-ए जवळपास जसे हवेत तसे येतात आणि तेथे हात लावण्याचे फारसे कारण उरत नाही. मी हात लावला तो सिंगल-ए आणि कॉम्प्लेक्स लीगला : वॉक थोडे वर, होमरन थोडे खाली, एररचा रेटा वर, बेसचोरीचा रेटा वर. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि पुन्हा तीन हंगाम पळवायचे, एवढे पथ्य मात्र पाळावे. भाजीत तिखट, मीठ आणि मसाला एकदम वाढवला, तर बिघडले कशाने ते कळत नाही.

लीगचा चेहरा पायरीइतकाच भूगोलानेही ठरतो, आणि ही बाजू मला या खेळात सर्वांत रसाळ वाटली. ट्रिपल-ए ही एकच पायरी असली, तरी तिच्या दोन लीगांचा स्वभाव निराळा आहे. पॅसिफिक कोस्ट लीगमधील अल्बुकर्की हे शहर पाच हजार फुटांहून उंच आहे, म्हणजे आपल्या तोरणमाळच्याही कितीतरी वर. रेनो आणि एल पासो हीदेखील उंचावरचीच. तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा वळणारा चेंडू पुरता वळत नाही. उलट फ्लोरिडा स्टेट लीगचे सामने बहुतांशी मेजर लीगच्या क्लबांच्या सराव-मैदानांवर होतात. ती मैदाने मोठी असतात आणि तेथे होमरन महाग पडतो. त्यामुळे अल्बुकर्कीत ०.३१० च्या सरासरीने हिट मारणारा आणि फ्लोरिडात ०.२६५ च्या सरासरीने मारणारा यांत दुसरा सरस असू शकतो, आणि खेळातील मैदानांचे गुणक नीट ठेवले असतील तर तो तसा असतोही. मी ते सारे गुणक एक करून टाकले होते, म्हणजे तोरणमाळ आणि तापीकाठ एकाच पातळीवर आणून ठेवले होते.

एका वर्षाचे आकडे प्रमाण मानून तक्ता भरू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१९ साली ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचाच चेंडू वापरायला सुरुवात झाली आणि होमरनची संख्या आधीच्या वर्षाच्या दीडपटीहून पुढे गेली. खेळाडू तेच, मैदाने तीच, फक्त चेंडू बदलला. पुढे २०२३ मध्ये ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर यंत्राद्वारे बॉल-स्ट्राइक ठरवण्याची पद्धत आली आणि वॉकच्या आकड्यावरही परिणाम दिसला. ज्याला २०१० सालचे जग उभे करायचे आहे त्याने २०१९ चा तक्ता लावला, तर त्याच्या पिचरांची दुर्दशा पाहवणार नाही.

आकड्यांच्या तक्त्याबाहेरच्या दोन-तीन गोष्टी आकड्यांना आतून पोखरतात. पहिली म्हणजे वयाची मर्यादा. खालच्या लीगसाठी वय आणि सेवाकाळ यांची कमाल मर्यादा खेळात ठरवता येते; ती सैल सोडली, तर एकोणतीस वर्षांचा, वर ज्याला कोणी विचारत नाही असा बॅटर सिंगल-एमध्ये मुक्काम ठोकतो आणि पोरासोरांच्या पिचिंगवर विक्रम रचतो. दहावीच्या वर्गात तिसऱ्यांदा बसलेला मुलगा धावण्याच्या शर्यतीत पहिला येतो, तसाच हा प्रकार. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची : मेजर लीग १६२ सामने खेळते, पण ट्रिपल-ए १५०, डबल-ए १३८, आणि हाय-ए व सिंगल-ए १३२. काल्पनिक जग रचताना सगळ्यांना १६२ दिले, तर एकूण होमरन आणि धावा फुगतात, आणि मग तुलना करणारा विनाकारण गुणकांशी झटत बसतो. तिसरी, पिचरचा वापर. तरुण पिचरला खऱ्या जगात पाच इनिंगच्या (डावांच्या) पुढे क्वचितच ठेवतात. खेळातील संघाची रणनीती तशी बदलली नाही, तर विशीतली पोरे नऊ-नऊ इनिंग टाकून दुखापतींच्या यादीत जाऊन बसतात.

हे सारे केवळ हौशी माणसाचे नीटनेटकेपणाचे वेड नाही, हे पटायला मला उशीर लागला. संगणकाच्या हातातले व्यवस्थापक खेळाडूची किंमत ठरवताना कौशल्याचे गुण, चालू वर्षाचे आकडे, गेल्या वर्षाचे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे आकडे यांना टक्केवारीने वजन देतात, आणि ती टक्केवारी तुम्हीच ठरवता. आकड्यांना जास्त वजन दिले आणि खालच्या लीगचे आकडेच खोटे असले, तर तीसही क्लब एकाच वेळी चुकीच्या मुलांना वर चढवू लागतात आणि काही वर्षांत मेजर लीगचाच दर्जा वाकडा होतो. मी कौशल्यांचे गुण पडद्यावरून पूर्ण घालवून, फक्त आकडे पाहून खेळतो. गुण दिसत असले, तर मायनर लीगच्या तक्त्यांकडे पाहण्याचे कारणच राहत नाही. ते घालवले की सिंगल-एमधल्या एखाद्या मुलाचे ‘वॉक ४१, स्ट्राइकआउट ३८’ हे दोन आकडे जाहिरातीपेक्षा जास्त बोलतात.

तरीही आकडे इतके गुळगुळीत करू नयेत की विचित्र काही घडणारच नाही, कारण खरी मायनर लीग विचित्रपणाने भरलेली आहे. स्टीव्ह डाल्कोव्स्की हा डावखुरा पिचर १९५७ मध्ये किंग्सपोर्टकडून ६२ इनिंग टाकताना १२१ स्ट्राइकआउट मिळवून बसला आणि त्याच वेळी १२९ वॉक व ३९ वाइल्ड पिचही देऊन बसला. १९६० मध्ये स्टॉकटनकडून त्याचे स्ट्राइकआउट २६२ आणि वॉकही नेमके २६२. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. जो बाउमनने १९५४ मध्ये रॉसवेल या गावाकडून ७२ होमरन मारले आणि त्यालाही वर कधी जागा मिळाली नाही. बिली हॅमिल्टनने २०१२ मध्ये दोन पायऱ्या मिळून १५५ बेस चोरले, आणि तो मात्र मेजर लीगपर्यंत पोचला. खेळात प्रतिभेच्या चढ-उतारातील अनिश्चिततेचा एक आकडा असतो, तो मूळचा शंभर असतो. मी तो तसाच ठेवला आहे. तो फार खाली आणला की असे नग जन्मालाच येत नाहीत, आणि फार वर नेला की आज देव दिसणारा मुलगा पुढच्या वसंतात दगड होतो.

भारतीय वाचकाला या सगळ्यात आपले काय, असे वाटेल, तर रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांची नावे आठवावीत. (हा क्रिकेटमधला रिंकू सिंह नव्हे.) उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेक करणारे तरुण २००८ मध्ये पिचिंगच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले, पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला, आणि २००९ मध्ये ते गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे आजच्या फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीगच्या पायरीवर, उतरले. मी माझ्या जगात अमळनेरचा एक डावखुरा पिचर हाताने तयार करून त्याच पायरीवर सोडला होता. त्याने पहिल्या हंगामात जे वॉक दिले, ते पाहून मला माझा जुना गुणतक्ता आठवला, आणि लीगची मांडणी बरोबर जमल्याची खात्री पटली.

कोणी घ्यावा याविषयी थोडक्यात : खेळ इंग्रजीत आहे, मराठीत नाही, आणि बेसबॉलची परिभाषा अंगवळणी पडेपर्यंत पहिले आठ-दहा दिवस कंटाळ्याचे जातात. चित्रांचा सोस असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. मजकूर आणि तक्ते हाच गाभा असल्याने साध्या संगणकावरही तो चालतो. मात्र सगळ्या पायऱ्या चालू ठेवल्या तर एक हंगाम पळायला वेळ लागतो, म्हणून जुन्या यंत्रावर नवे जग रचताना खालच्या लीग कमी ठेवाव्यात. स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात युपीआयने पैसे भरता येतात. मायनर लीगच्या आकड्यांपुरते बोलायचे तर जुन्या आवृत्तीतही वरचे सगळे करता येते. चालू वर्षाचे खेळाडूच हवे असतील तरच नवी घ्यावी.

सध्या माझ्या सिंगल-ए संघात एक कॅचर आहे. पास बॉलच्या यादीत तो लीगमध्ये पहिला आहे आणि वॉक घेण्याच्या यादीतही पहिला आहे. भाचा म्हणतो त्याला काढून टाका, माझे मत त्याला हाय-एला पाठवावे असे आहे. मायनर लीगला सोमवारी सुट्टी असते, तोपर्यंत दोघांनी वाट पाहायची असे ठरले आहे.